जुलाब-उलट्यांचा पेशंट घरी असेल तर या चुका टाळा

पावसाळा लागला की आमच्या वॉर्डात जुलाबाची मुलं रांगेनं येतात. सलाईन लावताना मी घरच्यांना विचारते, ओआरएस (पाकिटातली मीठ-साखरेची पावडर घातलेलं पाणी) दिलं होतं का? बहुतेक जण "हो" म्हणतात. मग विचारते, कसं दिलं?

एका आजींनी मला करूनच दाखवलं. पाकिटाचा कोपरा दातानं फाडला, अर्धी पावडर पेल्यात टाकली आणि उरलेली घडी घालून पदराला बांधली. हीच चूक सगळ्यात महागात पडते. मोठं पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असतं. पाणी कमी घेतलं तर मीठ-साखर जास्त होते, आतड्यातच पाणी ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठही चढतं. छोटी पाकिटं 200 मिलीची असतात, म्हणून मागचं लिहिलेलं वाचा. उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं पाकीट एकदम घाला. वरून साखर, लिंबू काही नको. केलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्या.

"सिस्टर, पोटात काही ठरतच नाही हो," असं आई रडवेली होऊन सांगते. बहुतेक वेळा मुलानं तहानेनं पेलाभर पाणी घटाघटा प्यायलेलं असतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग मिनिट-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्या. कंटाळवाणं काम आहे, पण अशा चमच्यांनी कितीतरी मुलांचं सलाईन टळलेलं मी पाहिलंय. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिली, त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200 मिली द्यायचं.

1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावरच असंख्य रुग्ण वाचवले. एवढी ताकद आहे त्यात.

पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध चालूच ठेवा. मोठ्या मुलांना मऊ भात, पेज, ताक, केळं द्या. जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलाला मनानं देऊ नका. झिंकचं औषध मात्र जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करा.

अंगातलं पाणी कमी झालं की चिमटीत धरून सोडलेली कातडी हळू मागे जाते, पण म्हाताऱ्या माणसांची कातडी तशीही सैल असते, चिमटीवरून काही कळत नाही. जीभ कोरडी पडलीय का आणि लघवी कमी झालीय का, ते बघा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. अंथरुणात शी होत असेल तर घासून पुसू नका. कोमट पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा आणि झिंकचं मलम लावा.

शीतून रक्त पडतंय, शी डांबरासारखी काळी आहे, डोळे खोल गेलेत, पेशंट सुस्त पडलाय किंवा सहा तासांत लघवी नाही, तर घरी थांबू नका. निघताना किती जुलाब, किती उलट्या, काय प्यायला आणि शेवटची लघवी कधी झाली, एवढं कागदावर लिहून आणा. आम्ही दारातच तेच विचारतो.