शीर आधी बोटाला कळते

डीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षी रक्तवाहिन्यांचा धडा मी तोंडपाठ केला होता: हृदयाकडून रक्त नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर आणि या दोहोंना जोडते ती केशवाहिनी. व्याख्या बरोबर होती, पण रक्त घेण्याच्या टेबलावर पहिला रुग्ण बाही सरकवून बसला तेव्हा ती काही कामी आली नाही. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी तोच धडा, मला हाताने उमगला तसा, येथे मांडत आहे.

शब्दांचा घोळ आधीच मिटवलेला बरा. जुन्या मराठी पुस्तकांत धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हटलेले आढळते, तर रुग्ण सरसकट ‘नस’ म्हणतात. नीला या नावावरून शिरेतले रक्त निळे असते, असा समज मात्र करून घेऊ नये. ते गडद लाल असते आणि त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे शीर निळसर भासते.

कोपराच्या पुढच्या खळग्यात मधली शीर सर्वांत सोयीची असते. आतल्या, म्हणजे करंगळीकडच्या बाजूच्या शिरेजवळून दंडाची धमनी आणि मज्जातंतू जातात. दुसऱ्या महिन्यात एकदा मधली शीर लागेना, म्हणून मी याच बाजूला सुई घातली. भडक लाल रक्त उसळ्या घेत नळीत येऊ लागले आणि आपला हात बसला, असे वाटून मी खूशही झाले. तेवढ्यात शेजारच्या ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, “अगं, धमनीत गेलीस. पट्टा सोड, सुई काढ आणि दाबून धर.” त्यांनी घड्याळ लावून पूर्ण पाच मिनिटे दाबायला लावले.

या प्रसंगाचे कारण वाहिन्यांच्या भिंतीत आहे. धमनी आणि शीर दोहोंच्या भिंतीला तीन थर असतात: आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायू व लवचीक तंतू आणि बाहेर संयोजी ऊती. धमनीला हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब झेलायचा असल्याने तिचा मधला थर जाड असतो. म्हणूनच ती बोटाखाली उडते. शिरेची भिंत पातळ, दाब अगदी कमी आणि सामावून घेण्याची क्षमता मोठी. विश्रांतीच्या वेळी शरीरातील जवळजवळ दोन तृतीयांश रक्त शिरांमध्येच असते. टूर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, बांधल्यावर धमनीतून रक्त येत राहते, परतीची वाट तेवढी अडते आणि शीर फुगते. पट्टा इतका आवळला की मनगटाची नाडीच लागेना, तर शीर फुगणार कशी? आणि तो एका मिनिटापेक्षा अधिक वेळ ठेवू नये, कारण अडकलेल्या रक्तातील काही घटकांचे प्रमाण बदलते व अहवाल चुकतो.

इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी 1628 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग स्वतःच्या हातावर जरूर करून पाहावा. पट्टा बांधल्यावर शिरेवर मधूनमधून गाठी दिसतात, त्या झडपांच्या जागा. एका बोटाने मनगटाच्या बाजूला शीर दाबून ठेवावी आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या झडपेपलीकडे सारावे. मधला भाग रिकामाच राहतो, कारण झडप रक्त मागे येऊ देत नाही. खालचे बोट उचलताच तो भरतो. मी हे वसतिगृहाच्या खोलीत करून पाहिले आणि सुई गाठीवर का घालू नये, हे न सांगता कळले.

धमनीतून शिरेत रक्त कसे पोहोचते, ते हार्वेंना दिसले नव्हते. इटालियन वैद्य मार्चेल्लो माल्पीगी यांनी 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने केशवाहिन्या पाहिल्या. त्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची असते आणि पोकळी अनेकदा तांबड्या पेशीहूनही अरुंद, त्यामुळे पेशी वाकून, एकामागोमाग एक पुढे सरकतात. ऑक्सिजन, पोषकद्रव्ये आणि टाकाऊ पदार्थांची देवाणघेवाण याच पातळ भिंतीतून होते. बोट टोचून रक्त घेतो तेव्हा ते मुख्यतः याच जाळ्यातून येते; त्यात ऊतींमधले पाणी मिसळलेले असते, म्हणून पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा आणि बोट पिळायचे नाही.