घराच्या अर्थिंगची तार किती जाडीची घ्यावी?

कोल्हापुरात घर बांधताना फरशी आणि रंगावर आठवडेच्या आठवडे चर्चा होते. अर्थिंगचा विषय मात्र ‘आठ नंबरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) तार टाका’ एवढ्यावर मिटतो. प्रत्यक्षात तारेचा छेद, म्हणजे आडव्या कापाचे क्षेत्रफळ, घराच्या भारावरून ठरवायचा असतो; भारावरून फेज तार (वीज आणणारी तार) ठरते आणि तिच्यावरून अर्थ तार. तो हिशेब घरमालकालाही समजेल इतका सोपा आहे. जोडणी मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी.

प्रथम प्रत्येक सर्किटच्या फेज तारेचा छेद पाहावा. तो वेष्टनावर छापलेला असतो. आयएस ३०४३ या भारतीय मानकानुसार, दोन्ही तारा एकाच धातूच्या असतील, तर फेज १६ चौ. मिमीपर्यंत असताना अर्थ तार तेवढ्याच छेदाची घ्यावी, फेज १६ च्या वर ३५ पर्यंत असल्यास अर्थ १६ ची पुरते आणि त्यापुढे फेजच्या निम्मी घ्यावी. म्हणजे गिझरला ४ ची फेज असेल तर अर्थही ४ ची, मीटरपासून बोर्डापर्यंत १० ची असेल तर अर्थ १० ची, आणि थ्री-फेजच्या बंगल्यात २५ ची असेल तर १६ ची. अर्थ तार फेजबरोबर एकाच केबलमधून किंवा पाइपातून न जाता वेगळ्या वाटेने जात असेल, तर तिला यांत्रिक संरक्षण (धक्क्यापासून वाचवणारे आवरण) असल्यास किमान २.५ आणि नसल्यास किमान ४ चौ. मिमी असावी.

यानंतर जमिनीत पुरला जाणारा भाग येतो, आणि चूक बहुधा इथेच होते. यांत्रिक संरक्षण नसलेल्या, पण गंजापासून सुरक्षित वाहकासाठी किमान १६ चौ. मिमी लागतात, गंजापासूनही संरक्षण नसेल, तर तांब्याला २५ आणि लोखंडाला ५०. आठ नंबरच्या तारेचा व्यास सुमारे ४ मिमी, म्हणजे छेद जेमतेम १३ चौ. मिमी, जस्ताचा मुलामा जमेस धरला तरी ती कमीच पडते. त्याऐवजी २५ × ३ मिमीची जीआय पट्टी घ्यावी, तिचा छेद ७५ भरतो.

तार जाड घेतली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. बिघाडाचा प्रवाह केवळ जमिनीतून परत जात असेल आणि त्या वाटेचा एकूण रोध १० ओहम असेल, तर २३० व्होल्टला फक्त २३ अँपिअर वाहतात; ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप बंद होणारा स्विच) त्याने पडणारच नाही आणि गिझरच्या भांड्यात वीज उतरलेलीच राहील. तारेचा छेद दुप्पट केल्याने जमिनीचा रोध घटत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवावाच. त्याच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थ कुठेही एकत्र जोडू नयेत. जोडल्यास आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, मग कंटाळून कोणीतरी तो काढून टाकतो, आणि हेच सर्वांत धोक्याचे.

शिरोळकडची काळी, ओल धरणारी जमीन आणि पन्हाळ्याचा जांभा यांचा रोध सारखा नसतो; म्हणून अर्थिंगचा खड्डा पूर्ण झाल्यावर अर्थ टेस्टरने (जमिनीचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) मोजणी करून घ्यावी. ती मेच्या अखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी करावी, कारण पंचगंगा पात्राबाहेर गेलेली असताना ओल्या जमिनीत आलेला आकडा उन्हाळ्यात टिकत नाही.