बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर: घरच्यांनी कसे वागावे

जळगाव-धुळ्याकडच्या अनेक घरांत या विकाराला ‘तापट स्वभाव’ नाहीतर ‘बाहेरची बाधा’ म्हटले जाते आणि भगताकडच्या फेऱ्यांत वेळ निघून जातो. नवस बोलायचा तर बोलावा, पण त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची भेट लांबवू नये. या विकारात भावना चटकन भडकतात, उशिरा निवतात आणि आपले माणूस आपल्याला टाकून जाईल ही भीती मनात घर करून असते. ती घालवणारी एखादी गोळी नाही; मुख्य भर मानसोपचारावर असतो, त्यातही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचा, म्हणजे भडकलेल्या भावना आवरायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीचा, चांगला उपयोग होतो.

समजा, वडील कापूस घेऊन जिनिंगवर रांगेत उभे होते आणि मुलीचे फोन त्यांनी उचलले नाहीत. घरी येताच ती म्हणते, ‘तुम्हाला मी नकोच आहे.’ अशा वेळी ‘एवढ्याशा गोष्टीचा केवढा तमाशा!’ हे ओठांवर आलेले उत्तर गिळावे आणि ‘फोन उचलला नाही म्हणून तू घाबरलीस, हे मला कळते,’ असे सावकाश म्हणावे. यात आरोप मान्य होत नाही, भीती मान्य होते. शिवीगाळ सुरू झाल्यास ‘अर्ध्या तासाने बोलू’ असे सांगून बाजूला व्हावे. मात्र अर्ध्या तासाने खरोखरच परत यावे, कारण न परतल्यास तिची भीतीच खरी ठरते.

एकत्र कुटुंबात हे अधिक अवघड जाते. आज देवासारखी वाटणारी काकू उद्या वैरीण ठरते. काकूने ते मनाला लावून घेऊ नये, आणि आईने नाकारलेले पैसे आजीने पदराआडून देऊ नयेत.

जीव देण्याची भाषा कितीदाही ऐकली असली तरी तिला नाटक समजू नये. तसा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे; विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. आपल्याकडे फवारणीचे औषध घरातच कोपऱ्यात पडलेले असते, ते कुलपात ठेवून किल्ली एकाच्याच ताब्यात द्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. औषध पोटात गेलेच तर पोलिसांच्या धास्तीने ‘चुकून प्यायली’ असे दवाखान्यात सांगू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. डॉक्टरांना खरे काय ते सांगावे आणि औषधाची बाटली सोबत न्यावी.