‘हॅव’ कसे वापरावे : मराठी भाषकांसाठी

इंग्रजीतील ‘हॅव’ या क्रियापदाला मराठीत एकशब्दी प्रतिशब्द नाही, आणि ते वापरताना आपल्याकडून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ माझ्या मते इथेच आहे. शब्दकोशात ‘असणे’, ‘जवळ असणे’, ‘बाळगणे’ असे अर्थ सापडतात. पण प्रत्यक्ष बोलताना भाऊ ‘मला’ असतो, गाडी ‘माझ्याकडे’ असते, सुटे पैसे ‘माझ्याजवळ’ असतात, धमक ‘माझ्यात’ असते आणि घारे डोळे नुसतेच ‘माझे’ असतात. नाते, मालकी, हाताशी असलेली वस्तू, अंगचा गुण आणि शरीराचा अवयव यांत मराठी असा बारीक भेद करते आणि क्रियापद मात्र ‘असणे’ हेच ठेवते. इंग्रजी या सर्वांसाठी सहसा एकच साचा वापरते: ‘आय हॅव अ ब्रदर’, ‘आय हॅव अ कार’, ‘आय हॅव ब्राउन आइज’.

या साच्यात ती गोष्ट ज्याची आहे तो कर्ता होतो. ‘हॅव’चा उगम जुन्या इंग्रजीतील ‘हॅबन’ या क्रियापदात आहे आणि त्याच्या मुळाशी ‘पकडणे’ हा अर्थ आहे, हे ध्यानात घेतले की ही रचना स्वाभाविक वाटू लागते, कारण पकडणारा माणूस हाच वाक्याचा कर्ता असणार. (लॅटिनमधील ‘हाबेरे’ हे क्रियापद रूपाने व अर्थाने जवळचे दिसते, पण ‘हॅव’चे खरे नाते ‘पकडणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘कापेरे’शी आहे.) मराठीत मात्र ‘तिला दोन भाऊ आहेत’ या वाक्यातील ‘आहेत’ हे अनेकवचन भावांमुळे आलेले असते, आणि तीच सवय इंग्रजीत उतरली की ‘शी हॅव टू ब्रदर्स’ असे चुकीचे वाक्य तोंडून निघते. म्हणून वाक्य जुळवताना भाऊ किती हे न पाहता ते कोणाचे हे पाहावे आणि ‘शी हॅज टू ब्रदर्स’ म्हणावे. नकारात व प्रश्नात ‘डझ’ किंवा ‘डिड’ आले की तृतीय पुरुषाचा वा भूतकाळाचा भार तो शब्द उचलतो आणि मागे केवळ ‘हॅव’ उरते: ‘डझ शी हॅव अ कार?’, ‘ही डिडन्ट हॅव टाइम’.

सर्वांत जास्त काळजी ‘हॅविंग’ वापरताना घ्यावी लागते. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू सिस्टर्स’ हे वाक्य भारतात सर्रास ऐकू येते, पण प्रमाण इंग्रजीत ते चूक मानले जाते, कारण बहिणी असणे ही स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नव्हे. येथे मराठीचीच कसोटी उपयोगी पडते. मनातल्या मराठी वाक्यात ‘असणे’ हे एकटेच क्रियापद असेल, तर ‘हॅविंग’ टाळावे. ‘जेवतो आहे’, ‘पितो आहे’, ‘येते आहे’ अशी दुसऱ्या क्रियापदाची चालू रूपे असतील, तर ते चालते. ‘मी जेवतो आहे’ याचे ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ होते, ‘मला अडचण येते आहे’ याचे ‘आय अ‍ॅम हॅविंग ट्रबल’ होते, पण ‘मला ताप आहे’ याचे ‘आय हॅव अ फीवर’ एवढेच होते.

साहाय्यक क्रियापद म्हणून ‘हॅव’ आपल्या ‘आहे’सारखेच वागते असे वाटते, कारण ‘मी जेवलो आहे’ आणि ‘आय हॅव ईटन’ यांचा मेळ बसतो. हा मेळ एका ठिकाणी तुटतो. ‘मी त्याला काल पैसे दिले आहेत’ हे मराठीत निर्दोष आहे, परंतु इंग्रजीत ‘यस्टरडे’सारखी संपून गेलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ला जागा राहत नाही आणि ‘आय गेव्ह हिम द मनी यस्टरडे’ असाच साधा भूतकाळ वापरावा लागतो.

‘हॅव टू’ म्हणजे ‘लागणे’: ‘आय हॅव टू गो’, मला जावे लागणार आहे. याचा उच्चार बोलताना ‘हॅफ्टू’ असा होतो. ‘यू डोन्ट हॅव टू गो’ याचा अर्थ ‘जाण्याची गरज नाही’ एवढाच आहे; ‘जाऊ नका’ ही मनाई सांगायची असेल तर ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणावे.

शेवटचा उपयोग ‘करून घेणे’ या अर्थाचा. केस न्हाव्याने कापले तरी आपण ‘मी केस कापले’ म्हणतो, आणि त्याचे शब्दशः इंग्रजी केले तर कात्री आपल्याच हातात होती असा समज होऊ शकतो. त्यासाठी ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणावे आणि शब्दांचा क्रम सांभाळावा, कारण ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हटले की अर्थ ‘मी माझे केस स्वतः कापले होते’ असा होतो.