शेवटची पट्टी कोणाच्या हातात आली? लिंगभाव आणि समाजपरिवर्तन शिकू पाहणाऱ्यांसाठी

मी हा विषय फार विचार करून निवडला होता, असे म्हणणे खोटे ठरेल. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाहून सकाळची एसटी पकडून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरायचे, तिथून महाविद्यालय गाठायचे आणि दुपारी पुन्हा तीच वाट धरायची, एवढ्या धावपळीत ज्या विषयाचे तास सकाळच्या वेळेत बसत होते तो मी घेतला. समाजशास्त्राच्या त्या अभ्यासक्रमात लिंगभाव आणि समाजपरिवर्तन असा एक भाग होता. वरच्या वर्गातील मुलींनी तो ‘बायकांचा विषय, लिहायला सोपा’ असल्याचे सांगितले होते आणि मीही त्यावर विश्वास ठेवला. पुढे या क्षेत्रात काम करू लागल्यावर लक्षात आले की, नव्याने येणारे बहुतेक विद्यार्थी हाच समज घेऊन येतात आणि पहिल्या सत्रात त्याची किंमत मोजतात.

सुरुवात शब्दापासून करावी लागते. ‘लिंग’ हा शब्द आपण शाळेत व्याकरणात शिकलेलो असतो, त्यामुळे ‘लिंगभाव’ म्हटले की वर्गाच्या मागच्या बाकांवर आधी खसखस पिकते. लिंग म्हणजे शरीराशी निगडित भेद आणि लिंगभाव म्हणजे त्या भेदावर समाजाने चढवलेले अर्थ, कामे, बंधने आणि अपेक्षा. ॲन ओकली या ब्रिटिश अभ्यासिकेने १९७२ साली हा फरक ठळकपणे मांडला आणि तो आजही पहिल्या युनिटमध्ये शिकवला जातो. मला मात्र तो व्याख्येपेक्षा आपल्या भाषेमुळे अधिक समजला. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ म्हटल्याशिवाय साधे घराबाहेर पडल्याचेही सांगता येत नाही. इंग्रजीत ती सक्ती नाही. ‘ते मूल’ मात्र नपुंसकलिंगी असते, आणि आपण त्याला ‘तो’ किंवा ‘ती’ कधीपासून म्हणू लागतो, बारशाला, कान टोचताना की शाळेत घालताना, याचे निरीक्षण करायला लागलो की सामाजिकीकरण हा शब्द पाठ करावा लागत नाही. भाषेतील लिंग आणि समाजातील लिंगभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान अर्थातच सोडू नये, कारण भिंत स्त्रीलिंगी आहे म्हणून ती काही स्वयंपाकघरात जात नाही.

माझी पहिली फजिती अंतर्गत परीक्षेत झाली. ‘स्त्रियांचे दुय्यम स्थान’ या प्रश्नावर मी चार पाने भरून लिहिले. त्यात जुलूम, बेड्या, अंधार, पहाट असे सगळे होते. वीसपैकी सात गुण मिळाले. उत्तरपत्रिकेच्या समासात शिक्षकांनी फक्त एक प्रश्न लिहिला होता, ‘हे तुम्ही कुठे पाहिले?’ मला राग आला, कारण हे काय पाहायला हवे, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे, असे मला वाटत होते. या विषयात नापास होण्याचा राजमार्ग हाच आहे. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते नेमके कुठे, कोणात, कोणत्या व्यवहारात दिसते, हे दाखवणे म्हणजे हा अभ्यास. बाकीचे वक्तृत्व स्पर्धेत शोभते.

दुसऱ्या वर्षीच्या प्रकल्पासाठी मी ‘शेतकरी कुटुंबातील निर्णयप्रक्रिया’ असा भारदस्त विषय घेतला. गावातल्या वीस घरांसाठी प्रश्नावली केली आणि तिच्यात पहिलाच प्रश्न टाकला, ‘घरातील आर्थिक निर्णय कोण घेते?’ पहिल्या घरी काकू म्हणाल्या, “दोघं मिळून घेतो ना, दुसरं काय.” दुसऱ्या घरी तेच उत्तर आले, तिसऱ्याही घरी तेच. अठरा घरांत ‘दोघं मिळून’ असे उत्तर मिळाल्यावर माझ्या कागदावर आमचे गाव स्त्री-पुरुष समतेचा आदर्श ठरले होते. ते कागद घेऊन मी शिक्षकांकडे गेले, तेव्हा त्यांनी प्रश्नावली उलटी ठेवली आणि विचारले, “तुमच्याकडे कांदा असतो ना? मग शेवटचा कांदा विकला तेव्हा पट्टी कोणाच्या हातात आली, पैसे कोणी मोजले, कुठे ठेवले आणि त्यातून पहिला खर्च कोणता झाला, एवढेच विचारून या.”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, बाजार समितीत लिलाव झाला की वजन, भाव आणि खर्च वजा जाता किती रक्कम हाती येते याचा जो कागद शेतकऱ्याला मिळतो, त्याला पट्टी म्हणतात. मी त्याच वीस घरांत पुन्हा गेले. रोपे लावण्यापासून, निंदणी, काढणी, पात कापणे, कांदा साठवायच्या चाळीत भरणे आणि सडका कांदा निवडणे इथपर्यंतचे बहुतेक काम बायकांच्या हातचे होते. ट्रॅक्टर बाजार समितीच्या दारातून आत गेला की मात्र एकही बाई सोबत नव्हती. वीसपैकी तीन जणींनी पट्टी स्वतः पाहिली होती, आणि त्यांपैकी एकीने ती पाहिली कारण नवऱ्याला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हते. ज्या काकू आधी ‘दोघं मिळून’ म्हणाल्या होत्या, त्या या वेळी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “भाव काय लागला ते सांगतात ना घरी आल्यावर.” त्यांचे पहिले उत्तरही खोटे नव्हते. सांगणे म्हणजेच मिळून ठरवणे, असा त्यांच्या घरातला त्या शब्दाचा अर्थ होता, आणि माझ्या प्रश्नाने तो अर्थ कधी विचारलाच नव्हता.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे आणि नवख्या विद्यार्थ्यांना मी तोच सांगते: ‘सहसा काय होते’ असे विचारू नका, ‘शेवटच्या वेळी काय झाले’ ते विचारा. ‘सहसा’ला उत्तर देताना माणूस आपल्या घराची अब्रू राखतो, शेवटच्या प्रसंगाबद्दल बोलताना तो आठवत असतो. दवाखान्यात शेवटचे कोण गेले होते आणि किती दिवस अंगावर काढल्यावर गेले, माहेरी शेवटचे कधी जाणे झाले आणि त्यासाठी कोणाला विचारले, घरात शेवटचा मोबाइल कोणासाठी घेतला, असे कितीतरी प्रश्न यातून सुचतात.

हाच धडा कामाच्या मोजणीलाही लागू पडतो. माझ्या आईला तू काय करतेस असे विचारले तर ती “काही नाही, घरीच तं असते” असे म्हणते. मी तिचा एक दिवस पहाटे पाचपासून अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून काढला, तेव्हा संध्याकाळी माझ्या वहीत जागा उरली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेली वेळवापर पाहणी हेच मोठ्या प्रमाणावर सांगते. घरातील बिनमोबदल्याच्या कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. त्यातही असे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ८१.२ टक्के, तर पुरुषांमध्ये २६.१ टक्केच होते. येथे विद्यार्थी नेहमी एक चूक करतात. ९७ मिनिटे ही सरासरी सगळ्या पुरुषांची नसून ज्यांनी त्या दिवशी असे काम केले त्यांची आहे, म्हणजे उरलेले जवळपास तीन-चतुर्थांश पुरुष या आकड्यात मुळी आलेलेच नाहीत. आकडा कोणाचा आहे हे न पाहता तो उत्तरात घालणे आणि ‘अंधार, पहाट’ लिहिणे यांत मला फारसा फरक वाटत नाही.

इतिहासाचा भाग अनेकांना सनावळीमुळे कंटाळवाणा वाटतो. त्यावर माझा उपाय असा की, नाशिकमध्ये राहून हा विषय शिकणाऱ्याने तो गावांच्या वाटेने शिकावा. पंचवटीतील काळाराम मंदिराचा प्रवेश सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. तो जातिअंताच्या लढ्याचा भाग म्हणून आपण शिकतो, पण त्या सत्याग्रहात स्त्रियाही मोठ्या हिमतीने उतरल्या होत्या, हे शालेय पुस्तकात माझ्या वाचनात आले नव्हते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा शोध घेते, आणि ते पहिल्या वर्षातच वाचायला हवे. त्याच्याबरोबर बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध वाचावा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा जातीची कुंपणे टिकवण्यासाठी, म्हणजे अंतर्विवाह (जातीतच लग्न) राखण्यासाठी, कशा उपयोगी पडल्या याची मांडणी त्यात आहे, आणि ती एकदा नीट समजली की ‘जात वेगळी, बाई वेगळी’ अशी उत्तरे आपोआप बंद होतात. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांची १८४८ ची शाळा, त्यांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा १८५५ चा निबंध, ताराबाई शिंद्यांची १८८२ ची ‘स्त्रीपुरुष तुलना’ ही साखळी तर पाठ्यक्रमात असतेच. मुक्ता आणि ताराबाई यांचा मूळ मजकूर लहान आहे, त्यामुळे गाईडमधला सारांश वाचण्याचे काहीच कारण नाही.

आमच्या जिल्ह्यातला दुसरा टप्पा चांदवडचा. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये तेथे भरले आणि खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका त्याला आल्या. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ या मोहिमेत शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करावा, असा आग्रह धरला गेला. पट्टीच्या प्रश्नाआधी सातबाऱ्याचा प्रश्न येतो, हे त्या बायकांना माझ्या प्रकल्पाच्या कितीतरी आधी उमगले होते. माझ्या आजीच्या बोलण्यात चांदवड हे नाव अनेकदा यायचे आणि मी ते रेणुकामातेच्या दर्शनाशी जोडायची. ती अधिवेशनाबद्दल बोलत होती हे मला अभ्यासक्रमाने सांगितले.

परिवर्तन या शब्दावर मात्र जरा थांबावे. कायदा झाला म्हणजे बदल झाला असे लिहिण्याचा मोह होतो आणि परीक्षकही कधीकधी तेवढ्यावर समाधान मानतात. लग्नाचे किमान वय १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी १४ आणि १९७८ च्या दुरुस्तीने १८ झाले. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली केली. आता कोणत्याही तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर तासभर उभे राहून पाहा. हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या बहिणी दिसतील. भावाने आणलेल्या गाडीतून त्या आलेल्या असतात आणि सही झाली की सगळे मिळून चहा घेतात. यात जबरदस्ती शोधायला गेलात तर ती बहुधा सापडणार नाही. बहीण हिशेब करते की जमिनीचा तुकडा घेतला तर दिवाळीची भाऊबीज आणि अडीअडचणीचे माहेर जाईल, आणि तिचा हा हिशेब चुकीचा आहे असे शहाणपणाने सांगण्याआधी तिच्याकडे दुसरा कोणता आधार आहे, हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे. कायद्याने हक्क दिला, नात्याने तो परत घेतला, आणि या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर नोंदल्या गेल्या. परिवर्तनावरच्या उत्तरात असा एक कागद पाच व्याख्यांना भारी पडतो.

वर्गातील मुलांबद्दलही लिहायला हवे. आमच्या वर्गात सात मुलगे होते आणि पहिले दोन महिने ते आरोपीसारखे बसत. विषय मोकळा झाला तो पुरुषत्वावरच्या तासाला. शेतकरी मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही, ही आमच्या भागातली रोजची तक्रार एका मुलाने मांडली आणि म्हणाला की, घर चालवणारा तोच पुरुष, हे माप आम्हालाही लावले जाते, आणि त्यात आम्ही बसत नाही. त्यावर चर्चा तापली, कारण एका मुलीने त्याला विचारले की, तुझी बहीण तू शेतकऱ्याला देशील का. तो हसला, पण त्याने उत्तर दिले नाही. लिंगभाव हा संबंधांचा अभ्यास आहे, फक्त स्त्रियांचा नाही, हे वाक्य मी दोनदा लिहून पाठ केले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा पटले.

वाचनसाहित्य हा मराठी माध्यमातून येणाऱ्यांचा मोठा अडथळा आहे. मूळ लेख बहुतेक इंग्रजीत असतात आणि मराठी भाषांतरे कधीकधी मुळाहूनही अवघड. मी एक वही केली होती: डावीकडे संज्ञा, मध्ये सोप्या मराठीत अर्थ, उजवीकडे प्रत्यक्ष पाहिलेला एक प्रसंग. उजवी बाजू रिकामी राहिली तर ती संज्ञा समजलेली नाही असे मी धरत असे. ‘आंतरछेदिता’, म्हणजे जात, वर्ग, लिंगभाव असे भेद एकमेकांत गुंतून काम करतात ही कल्पना, तिच्यासमोर कित्येक महिने काही नव्हते. शेवटी द्राक्षबागेत घडांची विरळणी करायला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या आदिवासी बायकांची आणि गावातल्या मजूर बायकांची पाण्याची भांडी वेगळी ठेवलेली पाहिली, तेव्हा तो रकाना भरला. पुस्तकांसाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाखेरीज नाशिकचे सार्वजनिक वाचनालय जरूर गाठावे. १८४० पासूनच्या या संस्थेत जुने मराठी ग्रंथ मिळण्याची शक्यता चांगली असते.

घरी या विषयाचे प्रयोग करताना जपावे. पहिल्या सत्रात मी जेवणाच्या ताटावरून वडिलांना पितृसत्ता समजावून सांगितली होती आणि त्याचा परिणाम असा झाला की पुढचे आठ दिवस आई दोन्हीकडून बोलणी खात होती. लोकांची घरे आपल्याला माहिती देतात, तेव्हा नावे बदलणे, वही इतरांच्या हाती पडू न देणे आणि एखादीने बोलायचे थांबवले की आपणही थांबणे, हे प्रकल्पाच्या गुणांपेक्षा महत्त्वाचे आहे.

पुढे काय, हा प्रश्न पालक पहिल्या दिवशीच विचारतात. समाजशास्त्र, स्त्री-अभ्यास किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात १९७४ पासून आणि पुण्याच्या विद्यापीठात १९८७ पासून स्त्री-अभ्यासाचे केंद्र आहे. उमेद (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचतगटांच्या कामात, सामाजिक संस्थांच्या पाहण्यांत, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या सेवांत या अभ्यासाचा थेट उपयोग होतो. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते आणि तिच्यात बाहेरची एक सदस्य असते, त्यामुळे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतही जाणकार व्यक्तींची गरज आहे. सुरुवातीचा पगार मात्र बेताचा असतो आणि कामे बहुधा प्रकल्पापुरती, म्हणजे दोन-तीन वर्षांची असतात. स्पर्धा परीक्षेचा विचार असेल तर तो समांतर चालू ठेवावा.

मला पहिला पगार मिळाला त्या महिन्यात मी घरी गेले, तेव्हा आईने चहा टाकता टाकता विचारले, “पैसे कुठं ठेवलेस? कार्ड कोणाकडं आहे?” मी सहज सांगितले की, भावाकडे आहे, त्याला बँकेची कामे जमतात. ती काही बोलली नाही, गॅस बारीक करून कप मांडू लागली. सोमवारी नाशिकला निघताना मी भावाकडून कार्ड मागून घेतले.