राणीछाप रुपया न घासता कसा तपासायचा
आजीच्या डब्यात राणीछाप (म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले चांदीचे) रुपये निघाले की लोक चांदी खरी का ते बघायला सरळ सराफाकडे नेतात आणि तो कानस मारून बघतो, नाणं कायमचं खराब! घरीच करा, फक्त ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा हवा.

१. आधी लोहचुंबक लावा, चांदीला चिकटत नाही. (१९४७ चा रुपया चिकटतो, तो खराच असतो पण निकेलचा, चांदी नाहीच त्यात.)
२. वजन करा. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजलेला असेल तर थोडा कमी भरतो.
३. आता खरी गंमत, काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवत धरा, तळाला कडेला अजिबात टेकू देऊ नका. येईल त्या आकड्याने नाण्याच्या वजनाला भागा. साधारण १०.३ आलं तर चांदी, ९ च्या आत आलं तर पितळ नाहीतर तांबं-निकेल समजा. नाण्यावर बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो म्हणून दोन-तीनदा करून बघा.

आणि चिंच, लिंबू, पॉलिश काहीही लावू नका प्लीज, जुना काळपटपणा गेला की संग्राहक भाव कमी देतात.