ट्रायलमध्ये जायचंय? आधी फाइल काढा

“मॅडम, तुमच्याकडे नवीन औषध आलंय म्हणे.” नस बंद पडलेल्या माणसाच्या घरून फोन आला की सुरुवात बहुतेक अशीच होते. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे उपचारांच्या रुग्णांवरच्या चाचण्यांची, कोऑर्डिनेटर आहे. पायाच्या रक्तवाहिन्या हे माझं मुख्य काम, पण डोळ्यांच्या विभागाचे ट्रायलचे कागदही माझ्याच टेबलावरून जातात. अशा फोनला मी उलटा प्रश्न विचारते: डॉपलरचा, म्हणजे नसेतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हाताशी आहे का?

“नस ब्लॉक आहे” एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही. कुठली नस, किती बंद, कधीपासून, आणि आजवर त्यावर काय केलं, हे कागदावर हवं. पायाचं दुखणं असेल तर डॉपलर किंवा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) आणि एबीआय काढून ठेवा. एबीआय म्हणजे घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. तो 0.9 च्या खाली गेला तर पायाला रक्त कमी पोचतंय. जुना मधुमेह असेल तर धमन्या कडक होतात आणि हा आकडा खोटाच चांगला येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्यातला दाब मोजून घ्यावा लागतो. डॉक्टरांकडून रदरफर्ड श्रेणीही, म्हणजे दुखणं किती पुढे गेलंय त्याचा आकडा, लिहून घ्या. चालताना पोटरी भरून येते ती 1 ते 3, रात्री पडल्या पडल्या पाय ठणकतो ती 4, जखम किंवा काळं पडलेलं बोट असेल तर त्याच्या वर. डोळ्याच्या पडद्याची शीर बंद झाली असेल तर मुख्य शीर की तिची फांदी, ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) पडद्याची जाडी किती मायक्रॉन, तक्त्यावरची किती अक्षरं वाचता आली आणि आधीच्या इंजेक्शनांच्या तारखा. या तारखा कुणाच्याच लक्षात नसतात, आणि बऱ्याचदा गाडं तिथेच अडतं. शेवटच्या इंजेक्शननंतर ठरावीक काळ गेलेला हवा, अशी अट अनेक ट्रायलना असते.

आता शोध. भारतातल्या ट्रायलची नोंदवही म्हणजे सीटीआरआय. पत्ता सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र संस्थेने ती 2007 मध्ये सुरू केली, आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. साइट जुन्या वळणाची आहे, शोधायची खिडकी सापडेपर्यंत धीर धरा. नस बंद होण्याला इंग्रजीत ‘ऑक्लूजन’ म्हणतात, पण डोळा झाकणं आणि दातांचा चावा यांनाही तोच शब्द आहे. नुसतं ‘ऑक्लूजन’ टाकलंत तर डोळ्याची शीर, हृदयाची धमनी, तिरळ्या मुलांच्या डोळ्यावर बांधायची पट्टी आणि दातांचा चावा असं सगळं एकाच ढिगात पडेल. म्हणून ‘रेटिनल व्हेन’ (डोळ्याच्या पडद्याची शीर), ‘क्रिटिकल लिंब इस्किमिया’ (पायाला रक्त फारच कमी पोचणं), ‘बर्गर’ (तंबाखूमुळे हातापायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा आजार), ‘मॅलऑक्लूजन’ (वरचे-खालचे दात नीट न जुळणं) असे नेमके शब्द इंग्रजीत टाका. परदेशी कंपनीची ट्रायल असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकी नोंदवहीत देश भारत निवडून बघा.

नोंद उघडली की मी सगळ्यात आधी ‘रिक्रूटमेंट स्टेटस’ बघते. ‘ओपन टू रिक्रूटमेंट’, म्हणजे रुग्ण घेणं चालू, असेल तरच पुढे वाचायचं. मग केंद्रांच्या यादीत आपल्या जवळचं शहर आहे का, आणि त्या केंद्राच्या एथिक्स कमिटीपुढे (रुग्णांचं हित बघून ट्रायलला मंजुरी देणारी समिती) ‘अप्रूव्ह्ड’ लिहिलंय का. त्यानंतर अटी. इनक्लूजन (कुणाला घेणार) आणि एक्सक्लूजन (कुणाला घेणार नाही) दोन्ही, फाइल मांडीवर घेऊन, एकेक ओळ. एक्सक्लूजन लोक वाचतच नाहीत, आणि बाद होतात ते बहुतेक तिथेच. नोंदीत ‘पब्लिक क्वेरी’साठी एका माणसाचा फोन आणि ईमेल असतो, तो तुमच्यासाठीच आहे. ईमेलमध्ये वय, निदान, वर सांगितलेले आकडे आणि चालू औषधं लिहा. रिपोर्टचे चाळीस फोटो एकामागोमाग पाठवू नका, माझ्यासारखीवर दया करा. एक मात्र लक्षात ठेवा: नोंदवहीत नाव आलं म्हणून सरकारने त्या औषधाला चांगलं म्हटलं असं होत नाही.

पैशाचं सरळ सांगते. चाचणीचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचे पैसे पेशंटकडून मागितले जात असतील तर उठून या. पायाच्या बाबतीत ‘स्टेम सेलची ट्रायल’ म्हणून लाखांची बिलं फाडणारी दुकानं मी पाहिली आहेत. खरी ट्रायल कशी असते त्याचं उदाहरण याच क्षेत्रात आहे. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स या कंपनीने बर्गरच्या रुग्णांवर पेशींच्या उपचाराच्या रीतसर ट्रायल केल्या, पोटरीच्या स्नायूत आणि जखमेभोवती इंजेक्शनं देऊन, आणि 2016 मध्ये औषध नियंत्रकांनी त्याला मर्यादित परवानगी दिली. तरीही बर्गरसाठी आलेल्या प्रत्येकाला मी आधी खिशातली पुडी टेबलावर ठेवायला लावते. “दादा, ट्रायल मिळो न मिळो, तंबाखू सुटली नाही तर बोटं राहत नाहीत.” यावर एकाने मला विचारलं होतं, बिडी चालेल का! नाही चालत.

बोलावलं म्हणजे घेतलं असं नाही. आधी माहितीपत्रक आणि संमतीपत्र मिळतं. ते मराठीत मागा, हक्काने मागा. घरी न्या, मुलाला, सुनेला, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना वाचायला द्या. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवूनच अंगठा घ्यावा लागतो. सहीनंतर एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. एथिक्स कमिटीचा संपर्क त्यावरच असतो. सहीनंतरच्या तपासण्यांत बसला नाहीत तर आम्ही परत पाठवतो, आणि तेव्हा लोक चिडतात. पण अटीत न बसणाऱ्याला घेणं त्याच्याच जिवावर बेतू शकतं.

सहीआधी विचारायचे प्रश्न पुष्कळ आहेत, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हा: दुसऱ्या गटाला काय मिळणार? कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठी उडवल्यासारखं ठरतं, डॉक्टरांच्याही हातात नसतं. डोळ्याच्या शिरेचं बघा. 2017 मध्ये निकाल आलेल्या स्कोअर-2 या अमेरिकी ट्रायलमध्ये 362 रुग्ण होते; एका गटाला अफ्लिबरसेप्ट, दुसऱ्याला त्याहून खूप स्वस्त बेव्हॅसिझुमॅब. म्हणजे औषध दोघांनाही मिळालं, आणि सहा महिन्यांनंतर स्वस्त औषध नजरेच्या बाबतीत कमी पडलं नाही असं दिसलं. त्याआधीच्या क्रूझ या ट्रायलमध्ये मात्र एका गटाला पहिले सहा महिने खोटं इंजेक्शन होतं, म्हणजे सुई नसलेली सिरिंज डोळ्याला टेकवायची. तेव्हा ते योग्य होतं. आज चांगलं औषध हाताशी असताना कुणी असा गट ठेवला असेल, तर नजर खाली गेल्यास खरं औषध कधी देणार, हे लेखी विचारा.

आणि ट्रायल शोधायच्या नादात थांबू नका. पाय अचानक थंड, पांढरा, बधिर पडला तर ती तासांची गोष्ट असते. तेव्हा इंटरनेट नाही, इमर्जन्सी. डोळ्यासमोर एकदम अंधारी आली तरी तेच.

दातांची गोष्ट निराळी. वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून कुणी रातोरात संकटात पडत नाही, तेव्हा निवांत निवडा. सीटीआरआयवर ‘मॅलऑक्लूजन’ टाकलंत की बरेचसे अभ्यास दंत महाविद्यालयांतल्या एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर, विद्यार्थ्यांचे निघतात. नोंदीत ‘पोस्ट ग्रॅज्युएट थीसिस’पुढे ‘येस’ असतं. त्यात वाईट काही नाही, डोक्यावर मार्गदर्शक प्राध्यापक असतात. पण विद्यार्थ्याला मोजायचं असतं एखादा सुळा काही महिन्यांत किती मिलिमीटर सरकला ते, आणि तुमच्या मुलीच्या तारा राहणार दीड-दोन वर्षं. कोर्स तीन वर्षांचा. तो पास होऊन गेल्यावर तारा कोण आवळणार, काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर कोण देणार, त्याचे पैसे कोण भरणार, हे विभागप्रमुखांकडून लिहून घ्या. मूल अठराच्या आतलं असेल तर सही तुमची, पण त्याचंही मत विचारात घेतलंच पाहिजे.

ट्रायलमध्ये काही इजा झाली तर 2019 च्या नियमांप्रमाणे उपचार मोफत, आणि इजा ट्रायलमुळे असेल तर नुकसानभरपाई. हे नवीन औषधांच्या ट्रायलना लागू आहे. दंत महाविद्यालयातल्या अभ्यासात काय तरतूद आहे ते तिथेच संमतीपत्रात बघा. प्रवासखर्च किती आणि कधी मिळणार हेही पहिल्याच दिवशी विचारा, लाजू नका. रात्री-अपरात्री लागणारा नंबर मोबाइलमध्ये साठवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, साधं सर्दीचं औषध घेतलंत, तरी आम्हाला कळवा.

मधेच बाहेर पडायची मुभा कायम असते, कारण सांगायची सक्ती नाही. फक्त गायब होऊ नका. फोन करा आणि शेवटची तपासणी करून जा. डोळ्यात औषध गेलेलं असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी एकदम थांबवायची असेल, तर ती तपासणी आमच्या कागदांपेक्षा तुम्हालाच जास्त लागते.